दोन तास दहा मिनिटं कमी

३ जून २०२४ ला मी माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली. आत माझी दोन कागदी लॉगबुकं, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवह्या, होती. एक शिकाऊ काळातलं आणि दुसरं नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांचं. दोन्हीतली प्रत्येक ओळ ऑनलाइन ई-लॉगबुकमध्ये चढवायची होती. पावसाळा संपायच्या आत उरकेल असं घरी सांगितलं होतं. प्रत्यक्षात २०२५ चा मार्च उजाडला. मधल्या नऊ महिन्यांत सहकाऱ्यांचे इतके फोन आले की प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हटलं.

मी मुलुंडची. एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. २०१६ मध्ये सीपीएल, म्हणजे व्यावसायिक परवाना, मिळाला. मग अडीच वर्षं नोकरी नव्हती, ते जाऊ दे. जानेवारी २०१९ पासून विमान कंपनीत उडते आहे. मेच्या अखेरीस कंपनीकडून तीन ओळींचं मेल आलं की पुढच्या वर्षी कॅप्टनच्या प्रशिक्षणासाठी नाव लागायचं असेल तर एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारा वरचा परवाना, हातात हवा, आणि त्या अर्जासाठी आधीचं सगळं उड्डाण ई-लॉगबुकमध्ये मंजूर झालेलं हवं. २०२२ पासूनचं माझं उड्डाण कंपनीच तिथे भरत होती. त्याआधीचं मात्र पेटीत.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. वैमानिकाची लायकी तासांत मोजतात. सीपीएलला २०० तास लागतात, एटीपीएलला १५००, आणि त्यात रात्रीचे किमान १००. हे तास प्रत्येकाने स्वतःच्या लॉगबुकात शाईने लिहायचे आणि वरिष्ठांकडून सही-शिक्क्यानिशी प्रमाणित करून घ्यायचे, ही जुनी पद्धत. आता डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, ईजीसीए नावाचं पोर्टल आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. त्यात वैमानिक नोंद भरतो आणि ज्या संस्थेत ते उड्डाण झालं तिथला अधिकृत माणूस ती मंजूर करतो. मंजुरी होईपर्यंत ते उड्डाण तुम्ही केलं असलं तरी तुमच्या नावावर नाही. मला हे उशिरा उमगलं. मी समजत होते की काम टायपिंगचं आहे. टायपिंग तीन आठवड्यांत झालं. बाकीचे महिने साक्षीदार शोधण्यात गेले.

पहिलं काम स्कॅनिंगचं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे १३८ पानं, पानाला ५ रुपये, म्हणजे ६९० रुपये. मोबाइलवरून फुकटात झालं असतं, पण शिवणीजवळचे आकडे वाकडे येतात आणि नेमका तिथेच एकूण बेरजेचा रकाना असतो. लॉगबुक त्याच्याकडे ठेवून मात्र जाऊ नका. मी स्टुलावर बसून राहिले. त्याने दोनदा चहा विचारला.

मग बेरीज. दुसऱ्या लॉगबुकाच्या शेवटच्या पानावर एकूण १६१९ तास ५ मिनिटं असा आकडा होता. त्यातले शिकाऊ काळाचे २०६:४० आणि कंपनीचे १४१२:२५. मला वाटलं, बेरीज तयारच आहे, नोंदी तेवढ्या भरायच्या. बाबांनी पहिलं लॉगबुक हातात घेतलं, चार पानं उलटली आणि म्हणाले, "ही बेरीज कुणी तपासलीय?"

"बाबा, त्यावर मुख्य प्रशिक्षकांची सही आहे."

"सही आहे ते दिसतंय. तपासलीय कुणी?"

बाबा बेस्टमधून निवृत्त झाले. त्यांचं आयुष्य कंडक्टरांची वेबिलं, म्हणजे तिकिटांचे हिशेब, तपासण्यात गेलं. आदल्या पानावरून पुढे आणलेला आकडा हा जगातला सगळ्यात संशयास्पद आकडा आहे, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी टेबलावर फूटपट्टी, लाल पेन्सिल आणि स्वतःचा जुना चष्मा मांडला. मी लॉगबुकावर लाल पेन्सिल चालणार नाही म्हटल्यावर त्यांनी स्कॅनच्या प्रिंट मागितल्या.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी फ्लाइटवरून घरी आले तर त्यांनी बूटही काढू दिले नाहीत. पान ३१ वरची बेरीज ४७:५० होती आणि पान ३२ वर मी ती ४८:५० अशी पुढे नेली होती. एक तास हवेतून आला होता. नऊ वर्षं तो प्रत्येक बेरजेत मुकाट बसून होता आणि त्याच्यावर तीन वेगवेगळ्या लोकांच्या सह्या होत्या. दोन दिवसांनी आणखी एक सापडलं. आमच्या सेसना विमानात हॉब्स मीटर असायचा, तो तास दशांशात दाखवतो. एका उड्डाणाला मीटरचा फरक १.५ होता, म्हणजे दीड तास. मी लिहिलं होतं १:५०. वीस मिनिटं जास्त. बाबा म्हणाले, "तासाला शंभर मिनिटं धरलीस की काय?" धरली होती.

ते हसत होते, पण माझ्या पोटात गोळा आला. सीपीएलचा अर्ज केला तेव्हा माझे तास होते २०२:३०. त्यातून हा एक तास वीस मिनिटं वजा केली तर उरतात २०१:१०. सत्तर मिनिटांनी वाचले. हा फरक अडीच तासांहून जास्त निघाला असता तर माझा परवानाच २०० च्या आतल्या तासांवर मिळालेला ठरला असता. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणं बाहेर आली, वैमानिकांना अटक झाली आणि देशभरातल्या परवान्यांची फेरतपासणी झाली. मी तेव्हा शाळेत होते, पण आमच्या पिढीला शिकवणाऱ्या प्रत्येकाने ती गोष्ट सांगितली आहे. चूक आणि खोटेपणा यातला फरक कागदावर दिसत नाही, हे तेव्हा नुसतं ऐकलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही.

एक क्षण असंही मनात आलं की कुणाला कळणार आहे? आकडा तसाच राहू द्यावा. पण ई-लॉगबुकमध्ये प्रत्येक उड्डाण वेगळं भरायचं असतं आणि बेरीज यंत्र करतं. पुढे आणलेला आकडा तिथे नाहीच. तो एक तास भरायचा म्हटला तरी कुठल्या तारखेला भरणार?

दुसऱ्या लॉगबुकात आणखी दोन गोष्टी निघाल्या. नोव्हेंबर २०१९ मधली एक पहाटे ४:५५ ची दिल्ली मी दोनदा लिहिली होती. लॉगबुकात वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आत सुटलेलं प्रत्येक विमान यूटीसीत आदल्या तारखेला सुटतं. मी एकदा रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, बघून आजची तारीख टाकली आणि नंतर महिन्याची कंपनीची यादी बघून कालची. २:१० जादा. उलट, गोव्याचं एक १:२० चं उड्डाण लिहायचंच राहिलं होतं. सगळं मिळून माझे दोन तास दहा मिनिटं कमी झाले. नवा आकडा १६१६:५५.

ऑगस्टमध्ये कंपनीच्या नोंद विभागाकडून माझ्या पहिल्या तीन वर्षांची यादी आली. विमानाचा दरवाजा, ब्रेक, चाकं यांवरून वेळा आपोआप पाठवणारी यंत्रणा असते, त्यावरून बनलेली. तिच्यात एकूण होते १४११:३५. बाबांचाही आकडा १४११:३५. मी प्रिंट त्यांच्यासमोर ठेवली. ते काही बोलले नाहीत. आईला म्हणाले, "आज शिरा कर."

हिशेब करणाऱ्यांसाठी एक सांगते. एक्सेलमध्ये तास जोडताना साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये २४ नंतर आकडा पुन्हा शून्यावर येतो. फॉरमॅटमध्ये तासाच्या एच या अक्षराला चौकटी कंस घाला, मग २४ च्या पुढे मोजतं. हे माहीत नसताना मी एका रात्री माझं सगळं आयुष्य काही तासांत बसलेलं पाहिलं आहे.

पहिलं लॉगबुक भरताना वेग कमी होता, कारण वाचतच बसायचे. काही नोंदींच्या शेऱ्यात प्रशिक्षकांचे शब्द होते: "वाऱ्याकडे लक्ष दे", "उंची धर", आणि एका ठिकाणी नुसतं "हं". पहिल्या एकटीच्या उड्डाणाची नोंद ०:१० अशी आहे. एक फेरी, एक लँडिंग. त्या ओळीच्या शेवटी शाईचा डाग आहे, कारण सर सही करत असताना बाकीच्यांनी माझ्यावर बादली ओतली. पोर्टलमध्ये ती ओळ भरली: तारीख, विमान, पी१ (म्हणजे विमान माझ्या ताब्यात), दहा मिनिटं. आधीच्या आणि नंतरच्या ओळींसारखीच दिसते. मी दोनदा बघितली.

याच लॉगबुकाची दोन पानं पाण्याने चिकटली होती. माळ्याच्या वर टाकीचा पाइप आहे, कुठल्याशा पावसाळ्यात तो गळला असणार. अकरा उड्डाणं. बॉलपेनने लिहिलेलं सगळं टिकलं होतं, जेलपेनचं निळं पाणी झालं होतं. मागून टॉर्च धरून नऊ वाचता आली. दोन नाहीच. तुम्ही अजून कागदावर लिहीत असाल तर साधं बॉलपेन वापरा, आणि माळ्यावर लॉगबुक ठेवू नका.

शिकाऊ काळातल्या नोंदी मंजूर करायचा अधिकार प्रशिक्षण संस्थेचा. संस्थेचं नाव लिहीत नाही. मला मंजुरी देणारे मुख्य प्रशिक्षक कधीच सोडून गेले होते. ऑफिसचा जुना नंबर बंद. मेलला उत्तर नाही. तीन आठवड्यांनी एका बॅचमेटकडून तिथल्या क्लार्कचा मोबाइल मिळाला. ते भले गृहस्थ होते, म्हणाले, "मॅडम, फोनवर नाही जमायचं. लॉगबुक घेऊन या, आपण ऑथरायझेशन बुकाशी ताडून बघू." प्रत्येक उड्डाणाआधी कोण, कुठल्या विमानात, कशासाठी जातंय हे लिहून सही घेतात ती वही म्हणजे ऑथरायझेशन बुक. ती जपून ठेवलेली असेल तर निम्मं काम झालं.

जायचं ठरलं ८ जुलैला. त्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरवर पाऊस पडला. मध्य रेल्वे ठप्प. मी मुलुंड स्टेशनवर लॉगबुकं तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, छातीशी धरून दोन तास उभी होते आणि मग घरी परत आले. आम्हाला सुट्टी रोस्टर देतं तेव्हाच मिळते. पुढची २४ जुलैला होती.

२४ ला पोचले. क्लार्कनी कपाट उघडून २०१५ ची वही काढली. धूळ झटकली आणि मी आधी शिंकले, मग रडायचीच बाकी राहिले, कारण वाचता न येणारी ती दोन उड्डाणं तिथे स्वच्छ अक्षरात होती. पण त्याचबरोबर एक नवीनच भानगड निघाली. आमच्याकडे दोन सेसना होत्या, नोंदणीत शेवटच्या अक्षराचा फरक. आठ उड्डाणांना मी एक विमान लिहिलं होतं आणि वहीत दुसरं. तास बरोबर, विमान चूक. आता सांगा, नऊ वर्षांपूर्वी मंगळवारी सकाळी मी कुठल्या विमानात बसले होते?

क्लार्क म्हणाले, "वहीतलं धरा." मी लॉगबुकात आधीच्या अक्षरावर एक आडवी रेघ मारली, वर बरोबर अक्षर लिहिलं, बाजूला सही आणि आजची तारीख. खोडून किंवा व्हाइटनर लावून कधीही दुरुस्त करू नका. खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. बेरजेच्या चुकांचंही तसंच केलं, आणि कंपनीला सगळ्या चुकांची यादी देणारं एक पानभर पत्र स्वतःहून दिलं. ते लिहायला मला चार दिवस लागले. उत्तर एका ओळीत आलं: नोंद घेतली.

याच सुमारास आमच्या कॉकपिटमधूनही कागद निघून जात होता. नकाशे आणि मॅन्युअल्स आधीपासून टॅबलेटवर होती. सीनियर कॅप्टन अजून सांगतात की ते लागले तेव्हा खांद्याला लावायची चौकोनी काळी बॅग असायची आणि दर काही आठवड्यांनी सुधारित पानांचं पाकीट यायचं. जुनं पान काढा, नवं घाला, काढल्याची सही करा. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये आपल्या सगळ्या विमानांतून ही बॅग काढली, तेव्हा एकेका बॅगेचं वजन सुमारे १६ किलो होतं. मी त्या बॅगेचं वजन कधी उचललं नाही. पण छापील फ्लाइट प्लॅन मात्र प्रत्येक उड्डाणाला असायचा, वीस-पंचवीस पानांचा. त्याच्या समासात आम्ही सगळं लिहायचो: हवामान, मिळालेली उंची, प्रत्येक टप्प्यावर उरलेलं इंधन. उतरल्यावर तो गठ्ठा पाकिटात घालून जमा करायचा. जुलैच्या रोस्टरपासून हे सगळं टॅबलेटवर.

पहिला आठवडा माझा वाईट गेला. पेनने लिहिताना डोळे निम्मे बाहेर असतात. पडद्यावर आकडा टाकताना मान खाली जाते आणि ढगांत विमान हादरलं की बोट शेजारच्या चौकटीत पडतं. एका कॅप्टन सरांनी युक्ती सांगितली, ती मी अजून वापरते: मनगट टॅबलेटच्या कडेला टेकवायचं आणि मग बोट उचलायचं. इंधनाचा आकडा टाकण्याआधी मोठ्याने वाचायचा. समोरचा ऐकतो, त्यामुळे चूक सापडते.

उन्हाचं दुसरं प्रकरण. पावसाच्या उघडिपीत खिडकीला टॅबलेट लावून मुंबईत स्टँडवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, उभे होतो. दहा मिनिटांत पडद्यावर सूचना आली की उपकरण तापलंय, थंड होऊ द्या. निघायला बारा मिनिटं. कॅप्टन सरांचा दुसरा टॅबलेट होता म्हणून निभावलं. दोन असतात ते यासाठीच. तेव्हापासून प्रवासी पोचवून टॅक्सीवाला गाडी सावलीत लावतो तसं मी स्टँडवर टॅबलेट काढून पायाशी ठेवते.

आणि नकाशे. दर २८ दिवसांनी, कायम गुरुवारी, जगभर एकाच तारखेला हवाई माहितीची नवी आवृत्ती लागू होते. ११ जुलै २०२४ अशीच एक तारीख. आदल्या रात्री मी दिल्लीत हॉटेलवर होते, वाय-फाय रांगत होतं, डाउनलोड ६० टक्क्यांवर ठेवून झोपले. पहाटे चारला उठून बघते तर तिथेच. फोनच्या हॉटस्पॉटवर लॉबीत बसून पूर्ण केलं, दीड जीबी गेला. आता बुधवारी दुपारी घरूनच करून निघते. कागदाच्या काळात ही चूक झाली असती तर निदान पाकीट न उघडलेलं तरी दिसलं असतं.

कागदाबद्दल मला हळवेपणा नाही. पण एक कबूल करते. छापील प्लॅनच्या समासातलं माझं अक्षर बघून मला ते उड्डाण आठवायचं. वाकडं अक्षर म्हणजे हवा वाईट होती. टॅबलेटमध्ये सगळे आकडे सारखेच सरळ.

पोर्टलचं काम ऑगस्टभर चाललं. शिकाऊ काळातल्या १८७ नोंदी, रोज रात्री बारा-पंधरा. मधेच लॉगिन सुटायचं, भरलेलं जायचं. म्हणून आधी सगळं एक्सेलमध्ये तयार ठेवायचं आणि तिथून बघून भरायचं. ओटीपीचा मोबाइल नंबर जुना असेल तर तो आधी बदला. माझ्या एका मैत्रिणीचे त्यातच बारा दिवस गेले. कंपनीचे तास कंपनीने त्यांच्याकडून चढवले, मला फक्त ताडून बघायचे होते. तिथे एक गमतीदार अडचण आली. माझ्या खाजगी डायरीत २०२३ नंतरही नुसतं "गोवा" लिहिलेलं आहे. जानेवारी २०२३ पासून गोव्यात मोप्याच्या नव्या विमानतळावरही विमानं उतरू लागली, मग गोवा म्हणजे जुनं दाबोळी की मोपा? डायरी गप्प. कंपनीच्या यादीवर विश्वास ठेवला.

ताडताना आणखी एक लक्षात आलं. आपण ज्याला उड्डाणाचे तास म्हणतो ते विमान उड्डाणासाठी जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचे. मुंबईत धावपट्टीच्या रांगेत उभी राहिलेली मिनिटंही त्यात आली. नागपूरच्या त्याच फेरीला कधी १:२५, कधी १:५०. माझ्या अनुभवाचा बराच भाग सांताक्रूझच्या डांबरावर जमा झालेला आहे.

५ सप्टेंबरला संस्थेकडून पहिला निकाल आला: १६४ मंजूर, २३ परत. नऊ परत आल्या कारण तारीख भारतीय वेळेची होती, यूटीसीची नाही. सकाळी लवकरची उड्डाणं, तीच जुनी चूक. आठ त्या जुळ्या सेसनांच्या. मी लॉगबुकात दुरुस्ती केली आणि पोर्टलमध्ये जुनंच अक्षर भरलं, याला काय म्हणावं. सहा नोंदींत औरंगाबादसाठी प्रवाशांच्या तिकिटावरचा तीन अक्षरी कोड टाकला होता, आयएक्सयू. तिथे चार अक्षरी लागतो, व्हीएएयू. सगळ्या दुरुस्त करून त्याच आठवड्यात परत पाठवल्या, आणि मग शांतता.

सप्टेंबर गेला. ऑक्टोबर गेला. पोर्टलवर रोज सकाळी दात घासताना बघायचे: मंजुरी बाकी. मंजूर करणारे नवे मुख्य प्रशिक्षक रजेवर होते आणि त्यांच्या लॉगिनचा अधिकार दुसऱ्याला दिलेला नव्हता. मी आठवड्याला एकदा, सोमवारी दुपारी, एकच फोन करायचा असा नियम घालून घेतला. रोज फोन केला की माणूस फोन उचलेनासा होतो, हे बाबांचं.

या काळात एका ओळखीच्यांनी सल्ला दिला की भिजलेल्या पानांसाठी प्रतिज्ञापत्र करून ठेव, मागतीलच. पावसाळ्यानंतर मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी एक दिवस सहा तास बंद ठेवतात. त्या दिवशी माझी फ्लाइट नव्हती म्हणून अंधेरी कोर्टाबाहेर गेले. १०० चा स्टॅम्प पेपर नुकताच ५०० चा झाला होता. टायपिंग १५०, नोटरी ३००, एकूण ९५० रुपये. टायपिस्टने "वैमानिक" ऐवजी "वैज्ञानिक" छापलं, ते पुन्हा करून घेतलं. हे प्रतिज्ञापत्र आजतागायत कुणीही मागितलेलं नाही. विचारल्याशिवाय करू नका.

१९ नोव्हेंबरला उरलेल्या २३ मंजूर झाल्या. मी तेव्हा कोचीला होते, हॉटेलच्या जिन्यात. बाबांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "आकडा?" मी म्हटलं, "२०५:२० आणि १४११:३५." "मग ठीक आहे."

एटीपीएलचा अर्ज २ डिसेंबरला भरला. लेखी पेपर आधीच झाले होते. फी सरकारच्या भारतकोश साइटवर ऑनलाइन. पैसे गेले की पावतीची पीडीएफ लगेच उतरवून ठेवा, नंतर शोधायला वेळ जातो. डिसेंबरअखेर एक त्रुटी आली, वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत अस्पष्ट. दोन दिवसांत पुन्हा चढवली. जुने कॅप्टन सांगतात की त्यांच्या वेळी अशा त्रुटीसाठी कागदांचा गठ्ठा घेऊन दिल्लीला सफदरजंग विमानतळासमोरच्या मुख्यालयात जायला लागायचं. मी मुलुंडला पायजम्यात बसून उत्तर दिलं, एवढा फरक नक्की पडला आहे. अर्ज रांगेत असतानाच १ जानेवारी २०२५ ला १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. कुणीतरी ग्रुपवर टाकलं की आता सगळे अर्ज नव्याने भरायचे. दोन दिवस सगळे हवालदिल. तसं काही झालं नाही.

मग २० फेब्रुवारीला इलेक्ट्रॉनिक परवाना सुरू झाला. चीननंतर असा परवाना देणारा भारत दुसरा देश ठरला. आता कार्ड छापून पोस्टाने यायची वाट बघायची नाही, परवाना ईजीसीएच्या मोबाइल ॲपमध्ये दिसतो. माझा ११ मार्चला संध्याकाळी दिसला. मी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, बोटाने मोठा करून बघितला.

"आणि याची झेरॉक्स कुठून काढायची?"

दोन्ही लॉगबुकं आता त्यांच्या लोखंडी कपाटात आहेत, खालच्या कप्प्यात, पाइपापासून लांब. जवळ त्यांच्या लाल पेन्सिलीने भरलेल्या प्रिंट. मी तिसरं लॉगबुक आणलं आहे आणि प्रत्येक उड्डाणानंतर बॉलपेनने एक ओळ लिहिते. महिनाअखेरीस ती पोर्टलशी ताडते. एप्रिलमध्ये पाच मिनिटांचा फरक आला आहे. बाबा शोधतायत.